शेवटच्या खुर्चीपर्यंत

माझे बाबा गावच्या नाटकात प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, उलट्या घातलेल्या रॉकेलच्या डब्यावर त्यांची जागा. एका हातात नाटकाची प्रत, दुसऱ्या हातात बॅटरी. नट अडखळला की शब्द पुरवायचा, नट नुसता श्वास घ्यायला थांबला तरी पुरवायचा. शांतता पसरली की प्रेक्षक हलतो आणि हललेला प्रेक्षक परत जाग्यावर बसत नाही, असं त्यांचं मत. तालमीत कुणी चुकीच्या जागी वाक्य टाकलं की ते एकच शब्द म्हणायचे, "राव!" म्हणजे थांब. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या बोलीत मराठी-कोकणी अशी सरमिसळ असते.

गाव वाळपईच्या पुढे. जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटकाची पहिली घंटा व्हायची आणि तिसरा अंक संपेपर्यंत झुंजुमुंजू व्हायचं. दिवाळी झाली की देवळाच्या मंडपात तालमी सुरू. पडदे भाड्याने, पेटीवाला बाहेरगावचा. बायकांच्या भूमिका पूर्वी पुरुषच करत. माझ्या लहानपणी नटी बाहेरून यायच्या, मानधन ठरवून, बहुतेक वेळा प्रयोगाच्या दोनच दिवस आधी. गावातली मुलगी मात्र स्टेजवर चढत नसे. असा नियम कुणी केला नव्हता, पण तो सगळ्यांना माहीत होता. मी तालमीला चहाची किटली घेऊन जायचे आणि रिकामे पेले गोळा करून परत यायचे. नाटकाचा माझा अनुभव विचाराल तर एवढाच.

शाळेत मी कधी गॅदरिंगमध्ये काम केलं नाही. कविता पाठ म्हणायची वेळ आली तरी पोटात गोळा यायचा. तरी बारावी कॉमर्स झाल्यावर मी नाट्यशिक्षणाच्या पदवीला प्रवेश घेतला. त्याला कारण झालं अकरावीत पाहिलेलं एक नाटक. पणजीला कांपालला कला अकादमीत मराठी नाट्यस्पर्धा चालू होती आणि आमच्या सरांनी आम्हा दहा-बारा जणांना नेलं होतं. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ती इमारत. मांडवी नदीच्या अंगानं मोकळी, आत शिरलो तरी बाहेरच असल्यासारखं वाटावं अशी. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात शिरलो आणि मी भिंतीच बघत राहिले. मारिओ मिरांडांनी तिथे जुन्या नाट्यगृहाचे सज्जे रंगवले होते, त्यात बसलेली माणसं रंगवली होती. खरे प्रेक्षक यायच्या आधीच ते सभागृह भरलेलं दिसायचं.

त्या नाटकाची गोष्ट आता नीट आठवत नाही. आठवते ती त्यातली एक बाई. स्टेजच्या मधोमध बसून ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. बोलत नव्हती. पाठीमागे घरातले पुरुष भांडत होते, आणि अख्खं सभागृह भांडणाकडे न बघता तिच्या बोटांकडे बघत होतं. अशी तांदूळ निवडणारी बाई आमच्या प्रत्येक घरात होती. तिच्याकडे इतकी माणसं इतका वेळ टक लावून बघताहेत हे मी पहिल्यांदा पाहिलं. परतीच्या बसमध्ये सगळी पोरं झोपली, मला झोप आली नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "नाटकात शिकायचं काय असतं? तुझे बाबा कुठे शिकले?" बाबा काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी अर्जावर सही करताना एवढंच म्हणाले, "बाय, पाठांतर चांगलं ठेव."

प्रवेशाच्या मुलाखतीला मी काहीच तयार करून गेले नव्हते. बाकीची मुलं स्वगतं घेऊन आली होती, बाहेरच्या ओट्यावर पुटपुटत होती. मला आत बोलावलं आणि विचारलं, काय करून दाखवशील? मी म्हटलं, मला काही येत नाही. समोरच्या तिघांपैकी एक सर म्हणाले, "मग तुझ्या घरापासून बसपर्यंतचा रस्ता सांग." तो मला येत होता. कुळागर, मग ओहोळ, त्यावरचा साकव, पावसात साकवावरून पाणी गेलं तर वरच्या अंगानं काजूच्या राईतून घ्यायचा वळसा, मग चिरेखाण, मग डांबरी रस्ता. मी सांगितलं. सर उठले, खोलीतल्या अगदी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "आता मला सांग." मी परत सांगितलं. "मला ऐकू आलं नाही." मी जोरात सांगितलं. "अजून नाही आलं." तिसऱ्या वेळी मी जवळजवळ किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, "ओरडू नकोस. पोचव."

दोन्हींत फरक काय हे कळायला मला वर्ष लागलं.

वर्गात आम्ही चौदा जण. फोंड्याचा एक मुलगा बालनाट्यांत बक्षिसं मिळवून आलेला. पेडण्याचा एक दशावतारी घरातला. त्याच्या वडिलांच्या नाटकात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद जाग्यावर सुचतात, त्यामुळे त्याला बोलायला लावलं की तो थांबायचाच नाही. सासष्टीचा एक लहानपणापासून तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, कांतारं (गाणी) म्हणत आलेला. त्याला टाळी कुठे येणार हे आधीच कळायचं. आणि मी, पेले गोळा करणारी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही सगळी पळत सुटलेली आहेत आणि मला अजून चालता येत नाही.

योगायोग असा की पहिला धडा चालण्याचाच होता. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये अनवाणी चालायचं. मॅडम टाळ्या वाजवणार, त्या लयीत वेग बदलायचा आणि सगळ्यांनी मिळून हॉलची जमीन सारखी भरलेली ठेवायची, कुठे गर्दी नको, कुठे भोक पडायला नको. सोपं वाटतं. आठवडाभरानंतर मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू भिंतीकडेनं का चालतेस?" मला ठाऊकच नव्हतं मी भिंतीकडेनं चालते ते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवलं. खरंच, मध्ये गेले की दोन-चार पावलांत मी परत कडेला लागत होते. समोरून कुणी आलं की मीच वाट सोडत होते. मान खाली, खांदे आत.

त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली आणि पुढची तीन वर्षं ती माझ्याबरोबर राहिली. नाटकाचा अनुभव मला नव्हता, पण कोरी पाटीही मी नव्हते. आवाज दाबून बोलायचा, नजर खाली ठेवायचा, चारचौघांत होईल तितकी कमी जागा अडवायचा अठरा वर्षांचा सराव माझ्या अंगात मुरलेला होता. कुणी शिकवला असं नाही, आपोआप होत गेला. म्हणून "मला काहीच येत नाही, जमेल का?" असं विचारणाऱ्या मुलांना मी आधी तुमच्या अंगात काय मुरलंय ते बघा म्हणते. फोंड्याच्या त्या मुलाचंही हेच झालं. बक्षिसं मिळवून देणारा त्याचा एक ठरलेला सूर होता, वाक्याच्या शेवटी चढणारा. प्रत्येक भूमिकेत तो यायचा. तो घालवायला त्याला माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला, कारण त्या सुराला लोकांनी टाळ्या दिल्या होत्या.

आवाजाचा वर्ग जमिनीवर उताणं पडून सुरू व्हायचा. पोटावर वही ठेवायची आणि श्वास घेताना छाती न हलवता वही वर उचलायची. मग सोडताना स् चा लांब आवाज, आधी दहा आकडे, मग पंधरा, मग वीस. मग ओठ मिटून गुणगुण, कपाळ, नाक, छाती कुठे थरथरते ते हात ठेवून बघायचं. मग दातांत दोन बोटं मावतील इतका जबडा उघडून स्वर. हा जबडा माझा उघडेच ना. मी बोलताना तोंड जेमतेम उघडते हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" हे मी पणजीत सांतिनेजच्या खोलीत भांडी घासताना म्हणायचे. आधी घरून ये-जा करत होते, साखळीला बस बदलून, पण संध्याकाळच्या तालमी सुरू झाल्यावर ते जमेना म्हणून दोन मुलींबरोबर खोली घेतली होती. पहाटे कांपालच्या किनाऱ्याला जाऊन मांडवीकडे तोंड करून आवाज लावायचा. समोर पाणी, पलीकडे बेतीचा काठ. सरांनी सांगितलं होतं, पलीकडचा एक दिवा निवड आणि त्याला सांग. ओरडायचं नाही. ज्याला सांगायचंय त्याच्याकडे बघत राहिलं की श्वास तेवढा आपोआप घेतला जातो, हे पहिल्यांदा तिथे जाणवलं. पुढे कधीतरी वर्गात मी तोच बसचा रस्ता परत सांगितला आणि शेवटच्या खुर्चीवरच्या सरांनी नुसती मान हलवली.

भाषेचा प्रश्न मात्र वेगळा होता आणि तो दुखला. घरात आम्ही जे बोलतो त्यात मराठीचा हात धरून कोकणी चालते. भजन मराठीत, पेपर मराठीत, नाटक मराठीत, आणि भांडण, लाड, रडणं बहुतेक कोकणीत. माझ्या 'ओ'ला रुंदपणा, वाक्याला आमचा हेल. पहिल्या वर्षाच्या शेवटी बाहेरून एक दिग्दर्शक शिबिर घ्यायला आले होते. मी उतारा वाचला. ते म्हणाले, "हे मराठी नाही. आधी भाषा शिकून ये." वर्गासमोर म्हणाले. मी बसले आणि दोन दिवस तोंड उघडलं नाही. वर्षभर मेहनतीनं उघडलेला जबडा एका वाक्यानं परत मिटला. शिकवणाऱ्याच्या शब्दाचं वजन किती असतं हे मी आता स्वतः मुलांना शिकवताना कधी विसरत नाही.

वाचिक, म्हणजे बोलण्याचा अभिनय शिकवणाऱ्या मॅडमनी तो गुंता सोडवला. त्यांनी मला एकच उतारा तीन तऱ्हांनी वाचायला लावला. एकदा छापील मराठीत, एकदा माझ्या घरच्या हेलात, एकदा मालवणी वळणानं, जे माझ्या आजीच्या माहेरचं. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे तीन आहेत, त्यातलं कुठलं टाकून द्यायचं ते मला सांग." टाकून द्यायचं काहीच नव्हतं. शिकायचं होतं ते पात्र कुठलं आहे ते बघून त्यातलं एक उचलायला. प्रमाण उच्चार मी त्यानंतर रोज तासभर घटवले, मोबाइलवर रेकॉर्ड करून, ऐकून, परत म्हणून. पण लाज वाटून नाही, कसब म्हणून.

पुस्तकी अभ्यासाला आम्ही सगळे घाबरायचो. मला तर वाटायचं, अभिनय करणाऱ्याला भरतमुनी कशाला? पण आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक, म्हणजे अंगाचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि मनातल्या भावाचा, हे अभिनयाचे चार प्रकार फळ्यावर लिहिले तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात कप्पे पडले. तोवर मला अभिनय म्हणजे वाक्यं म्हणणं वाटायचं, म्हणजे चारांतलं एक. भरताच्या नाट्यशास्त्रात रस आठ, नववा शांत नंतर जोडला गेला, हे ऐकल्यावर मला त्या तांदूळ निवडणाऱ्या बाईची आठवण आली. तिचा रस कुठला? अजून मी ठरवू शकलेले नाही. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीनं १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभारलं हे परीक्षेपुरतं पाठ केलं, पण त्याचा "मी या परिस्थितीत असते तर?" हा प्रश्न कायमचा कामाला आला. रडून दाखव म्हटलं की रडू येत नाही. साकव वाहून गेलाय, पलीकडे आई आहे आणि अंधार पडतोय म्हटलं की पाय आपसूक धावतात.

इतिहासाच्या तासाला मजा यायची. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन, असं आम्ही अभिमानानं म्हणायचो. सासष्टीचा मित्र लगेच म्हणायचा, आमची पण तारीख आहे, १७ एप्रिल १८९२. लुकाझिन्यो रिबैरोंनी पहिला तियात्र केला तो दिवस. तोही गोव्यात नाही, मुंबईत. मंगेशी गावच्या मुलानं, दीनानाथ मंगेशकरांनी, १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली तीही गोव्याबाहेर जाऊन. गोव्याची माणसं नाटक करायला कुठे कुठे गेली, हे त्या तासाला कळलं. आणि एकदा सरांनी विचारलं, रणमाले कुणी पाहिलंय? माझा एकटीचा हात वर. शिगम्याच्या दिवसांत आमच्या सत्तरीत होतं ते लोकनाट्य, रामायण-महाभारतातल्या कथा, साथीला घुमट आणि कासाळं ही वाद्यं. जत, म्हणजे त्यातली गाणी, म्हणणारे मागे एका रांगेत उभे राहतात आणि ती माणसांची रांग हाच पडदा. मी सांगत होते आणि सर वहीत लिहून घेत होते. माझं बोलणं कुणी लिहून घेण्याची ती पहिली वेळ.

पण खरं शिकले ते स्टेजच्या मागे. पहिल्या वर्षी कुणालाच मोठी भूमिका नसते, मला तर अजिबात नव्हती. वरच्या वर्गाच्या नाटकांना मी नेपथ्याचे फ्लॅट उचलले, लाकडी चौकटींवर मांजरपाट ताणून खिळे मारले, खळ लावून रंगवले, कपड्यांना इस्त्री केली. मग प्रकाशयोजनेला लागले. समोरून दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश टाकला की चेहरा उठतो, डोक्यावरूनच टाकला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. एका बाजूच्या दिव्याला पिवळसर जिलेटिनचा कागद आणि दुसऱ्या बाजूला निळसर लावलं की तोच चेहरा संध्याकाळचा होतो. नटाला आपण उजेडात आहोत की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत नाही, गालाला ऊब लागते. हे मला शिडीवर चढून दिवे फिरवताना कळलं आणि पुढे स्टेजवर कामाला आलं.

एका प्रयोगात दिवे कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर मी होते आणि ब्लॅकआउट चार-पाच सेकंद आधी केला. नायिकेचं शेवटचं वाक्य अंधारात गेलं. चूक पूर्ण माझी. मी प्रत बघत होते, वाक्याचा शेवटचा शब्द कागदावर दिसत होता आणि बोट आपोआप खाली गेलं. ती मात्र शेवटच्या दोन शब्दांआधी थांबली होती. प्रयोगानंतर ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "तू कागद ऐकत होतीस. मला ऐक." त्या रात्री खोलीवर आल्यावर मला बाबा आठवले, डब्यावर बसलेले, बॅटरीच्या उजेडात प्रत धरून. तेही कागदच ऐकत होते, इतकी वर्षं. आणि कागदावर विराम लिहिलेला नसतो.

दुसऱ्या वर्षी मला भूमिका मिळाली. मुलगा परत येण्याची वाट बघणारी आई, वाक्यं सात. सात वाक्यांसाठी सहा आठवड्यांची तालीम. आधी नुसतं वाचन, मग हालचाली, मग पात्राचा मागचा-पुढचा इतिहास वहीत लिहायचा. ही बाई सकाळी किती वाजता उठते, चुलीत लाकडं कुठली घालते, तिच्या हातावर कुठे भाजल्याची खूण आहे. मी लिहिलं, आणि पानं भरत गेली. जत्रेला आमच्या घरी येणारी माणसं, त्यांना वाढणाऱ्या बायका, सगळं त्यात आलं. चौथ्या वाक्याआधी दिग्दर्शकानं मला सांगितलं, मुलगा दारात दिसल्यावर लगेच बोलू नकोस. "किती वेळ थांबू?" "तुला बोलावंसं वाटेपर्यंत." तालमीत मला एक सेकंदही निघेना. सगळे बघताहेत, मी काहीच करत नाही, हे सहन होईना. सरांनी सांगितलं, काहीच करू नकोस असं नाही, त्याच्याकडे बघ, तो किती वाळलाय ते बघ. रंगीत तालमीला मी खरोखर बघितलं. समोर मित्रच होता, उपवास धरल्यासारखा गाल बसवून आलेला. किती वेळ गेला मला माहीत नाही. विंगेतल्या मुलीनं नंतर सांगितलं, अकरा सेकंद. प्रयोगाला शेवटच्या रांगेत कुणीतरी खोकत होतं, ते त्या वेळी थांबलं.

आई प्रयोगाला आली होती. संपल्यावर माझा चेहरा रुमालानं पुसत म्हणाली, "एवढा रंग कशाला लावतात?" आणि मग बसमध्ये बसेपर्यंत माझा हात सोडला नाही. बाबांना त्या दिवशी सुपारीची कामं होती.

पैशाचं दोन शब्दांत सांगते, कारण सगळे तेच विचारतात. पदवी मिळाली म्हणून नाटकावर पोट भरतं असं नाही. माझ्या वर्गातले बहुतेक जण काहीतरी दुसरं करून नाटक करतात. मी एका शाळेत शिकवते आणि सुट्टीत शिबिरं घेते. हे आधी माहीत असलेलं बरं. शिकायला येणाऱ्यानं दुसरं एक करावं: मिळेल ते प्रत्येक नाटक बघावं, वाईटसुद्धा. कला अकादमीच्या स्पर्धेला मी सलग संध्याकाळी बसले आहे, फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात, गावोगावच्या उत्सवांत, शेतात बांधलेल्या तियात्राच्या स्टेजसमोर. चार नाटकं वाचून जे कळत नाही ते एका फसलेल्या प्रवेशाकडे बघत "मी असते तर काय केलं असतं" असं म्हणत बसल्यावर कळतं.

तिसरं वर्ष चालू होतं तेव्हाची गोष्ट. त्या मोसमात जत्रा एकमेकींना लागून आल्या आणि गावच्या नाटकाला नटी मिळेना. ज्या दोघी-तिघी नेहमी यायच्या त्यांच्या तारखा गेलेल्या. मंडपात बैठक बसली. बाबा घरी येऊन जेवताना म्हणाले, यंदा नाटक रद्द करावं लागेल. आई ताटात भात वाढत होती. म्हणाली, "शिकलेली आहे ना घरात एक." बाबांनी वर बघितलं. मंडळात दोन दिवस बोलाचाली झाली. एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आजवर झालं नाही ते आता कशाला. त्यावर पेटीवाल्यानं विचारलं, मग पडद्यांची आगाऊ रक्कम तुम्ही देता का? मी रविवारी आणि रजा काढून तालमीला जाऊ लागले. मंडपात शिरताना पहिल्या दिवशी पाय कडेला वळले. मी मुद्दाम मधून चालत गेले.

सामाजिक नाटक, मी मोठी बहीण. गावच्या स्टेजवर वरून दोरीनं टांगलेले माइक असतात, त्यांच्याखाली येऊन बोलायचं ही रीत. त्यांच्याशी मी जुळवून घेतलं. गावच्या नटांनी मला खूप सांभाळलं. माझा भाऊ झालेला तो दिवसा दुधाच्या गाडीवर असायचा आणि त्याचं पाठांतर माझ्यापेक्षा पक्कं होतं. तालमींत मी विरामाच्या जागी थांबले की बाबा शब्द टाकायचे. मी घरी सांगायचं ठरवायचे आणि राहून जायचं. चाळीस नाटकं ज्यांनी विंगेत बसून काढली त्यांना मी काय सांगणार?

जत्रेच्या रात्री तिसऱ्या अंकाला थंडी पडली होती. बायका चादरी पांघरून चटयांवर बसलेल्या, पोरं त्यांच्या मांडीवर झोपलेली. भाऊ घर विकल्याचं सांगतो आणि बहिणीनं बोलायचं. मी त्याच्याकडे बघितलं. तो दुधाच्या गाडीवरचा मुलगा खरंच घाबरला होता, त्याची हनुवटी हलत होती. मी थांबले.

विंगेतून बाबांचा आवाज आला, माझं वाक्य. माइकनं तो उचलला, पहिल्या दोन रांगांना नक्की ऐकू गेला. मी बघत राहिले. दुसऱ्यांदा आला, जरा मोठ्यानं. चटईवर कुणीतरी पुटपुटलं. तिसऱ्यांदा येणार म्हणून मी मनात तयार होते. आला नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला डाव्या विंगेतला बॅटरीचा उजेड दिसत होता, तो विझला. मांडवात पेट्रोमॅक्सची घरघर नाही, पोरांची रड नाही, नुसता जनरेटरचा आवाज लांबून. मग मला बोलावंसं वाटलं आणि मी बोलले.

नाटक संपलं तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. बाबा माइकच्या वायरी गुंडाळत होते. शेजारची काकी चादर घडी करत मला म्हणाली, "बरं केलंस हां बाय, पण मध्येच विसरलीस वाटतं?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी वायर दातांत धरलेली सोडवली आणि म्हणाले, "तें विसरूंक ना. तें राविल्लें."